तेवीस मिलिमीटर

पहिलं थोटूक तेवीस मिलिमीटर भरलं. दुसरंही तेवीस. तिसरं बावीस आणि तेवीसच्या मध्ये होतं.

"अर्ध्याच्या वर असेल तर पुढचा आकडा धर," अण्णा खिडकीजवळून म्हणाले. काचेवर पसरलेला लगदा वाळला का, ते नखाने बघत होते.

"धरला."

"घाई करू नकोस. माणूस भिडेपोटी काहीही सांगतो. थोटूक सांगत नाही."

मी तेवीस लिहिलं. मग थोटूक चिमट्याने उचलून बरणीत टाकलं. खालच्या पांढऱ्या कागदावर वाळूचे दोन-तीन कण पडले होते, ते फुंकून टाकले.

ही अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी एकवीस वर्षांची होते, बी.एस्सी.चा निकाल लागायचा होता, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, पंचगंगेच्या काठच्या एका कागद कारखान्यात मुख्य रसायनतज्ज्ञ होते. तीन वर्षं ते नोकरीचं काम उरकून उसाच्या चिपाडापासून ओढायची तंबाखू बनवत होते. चिपाडाचा लगदा धुऊन पांढरा करायचा, औषधं घालून त्याची खळ करायची, सावकाश जळावी आणि राख धरून राहावी म्हणून त्यात खडूची भुकटी मिसळायची, ओलसरपणाला ग्लिसरीन, रंगाला आणि वासाला काकवी. काचेवर पातळ पसरून वाळवलं की तपकिरी पापुद्रा सुटायचा. तो शेवयांसारखा बारीक कापून कागदात भरला की सिगारेट तयार. तंबाखूचं एक पानसुद्धा त्यात नव्हतं. फायलीवर अण्णांनी 'पर्यायी धूम्रद्रव्य' असं नाव घातलं होतं. कामगार म्हणायचे, सायबाची तंबाखू.

व्यवस्थापनाने त्यांना चार आठवड्यांची चाचणी मंजूर केली होती. सहा कामगार, रोज प्रत्येकी दहा सिगारेटी, दुसरं काही ओढायचं नाही. अहवाल चांगला आला तर पुढचं बघू. पण अण्णांची घाई अहवालासाठी नव्हती.

अण्णांचे थोरले भाऊ, भूपाल अप्पा, निपाणीला तंबाखूच्या वखारीत पारखी होते. पान चोळून, हुंगून, ओढून त्याची प्रत सांगायची, हे त्यांचं काम. आजोबा लवकर गेले. अण्णांना वाढवलं, शिकवलं ते अप्पांनी. आम्ही जैन, घरात कांदासुद्धा येत नसे. अप्पा दिवसाला चाळीस विड्या ओढतात हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. जेवण झालं की ते "वखारीकडे जाऊन येतो" म्हणत. सणाच्या दिवशी वखार बंद असली तरी म्हणत.

आदल्या डिसेंबरात मिरजेच्या डॉक्टरांनी अप्पांच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, विडी सुटली नाही तर वर्षभर.

हे अप्पांना सांगायला हवं होतं. पण विडी सोडा म्हणायचं तर ते ओढतात हे ठाऊक असल्याचं कबूल करावं लागलं असतं. अठ्ठेचाळीस वर्षांत दोघा भावांमध्ये तो शब्द निघाला नव्हता. अण्णा मिरजेहून परत आले आणि दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेत दोन तास जास्त बसू लागले.

चाचणीचा पहिला दिवस मला चांगला आठवतो. सहा जण भिंतीला टेकून रांगेत उभे होते. प्रत्येकाच्या हातात एक सिगारेट.

"पेटवा," अण्णा म्हणाले.

कुणी पेटवली नाही.

"काय झालं?"

गुंडू आवळे हे बॉयलरवरचे मिस्त्री, सगळ्यांत वयाने मोठे. ते म्हणाले, "सायेब, तुमच्यापुढं कसं वढायचं?"

"अहो, मीच सांगतोय ना."

"सांगताय खरं. पर हात वर जाईना."

हसन मुजावर म्हणाला, "माझ्या बानं मला अजून बघितलं न्हाई वढताना. दोन पोरांचा बाप हाय मी."

"मी भिंतीकडे तोंड करून बसतो."

"मग ताई हाईत की."

सगळे हसले. अण्णाही हसले. शेवटी ठरलं ते असं, की त्यांनी सुट्टीच्या वेळी पंपघरामागे जाऊन ओढायच्या आणि कुठवर ओढली ते मोजायला थोटकं डब्यात गोळा करून द्यायची. सोबत एक छापील तक्ता भरायचा. चव, घसा, तल्लफ भागली का, दहापैकी गुण.

गुण छान येत होते. गुंडू मिस्त्री रोज दहा देत. हसन नऊ देई, एकदा साडेनऊ. बाबू कामते तक्त्यावर 'फार झकास' असं लिही. अण्णा ते तक्ते घरी आणून आईला वाचून दाखवत. आई भाकरी थापता थापता म्हणे, "झकासला किती गुण धरायचे?"

तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, मी चुकून जुने तक्ते दिले होते. नवे घेऊन सुट्टीत पंपघरामागे गेले.

भिंतीच्या सावलीत आग विझवायच्या वाळूची एक बादली उपडी केली होती आणि वाळू एका पत्र्याच्या ताटात बोटभर जाडीने सारखी केली होती. तिच्यात अण्णांच्या सिगारेटी ओठाकडचं टोक खाली करून खोवल्या होत्या. बारा-पंधरा तरी असतील, दोन रांगांत. जळत होत्या. धूर सरळ वर चालला होता आणि जळक्या गुळाचा वास येत होता. बाबू कामते उकिडवा बसून तक्त्यांच्या गठ्ठ्याने वारा घालत होता. बाकीचे पाच जण भिंतीला टेकून विड्या ओढत होते.

मला बघताच पाच हात पाठीमागे गेले.

"ताई, तुमी हिकडं कशाला आलाय?" गुंडू मिस्त्री उठून उभे राहिले.

"तक्ते बदलायचे होते."

वारा थांबला तशी एक सिगारेट विझली. बाबूने सवयीने काडी ओढून ती पुन्हा पेटवली, मग माझ्याकडे बघून काडी झटकली.

"पहिल्यापासून असंच?" मी विचारलं.

"पहिला दिस वढल्या," मिस्त्री म्हणाले. "धर्मानं सांगतो. दोन-दोन वढल्या समद्यांनी. पर ताई, त्यात काय न्हाईच. चुलीपुढं बसल्यावानी नुस्ता धूर."

"मग तसं लिहायचं होतंत."

"लिवणार हुतो की. पर संध्याकाळी सायेब आलं, माझ्या खांद्यावर हात ठिवला आन् म्हणलं, मिस्त्री, खरं सांगा हं. आता असं म्हणल्यावर कसं खरं सांगायचं?"

हसन म्हणाला, "सायबांनी तरी वढून बघायची की एक."

"अण्णा ओढत नाहीत."

"तेच म्हणतुया."

मी नवे तक्ते त्यांच्या हातात दिले. मिस्त्रींनी ते दोन्ही हातांनी घेतले. "सांगणार हाईसा?" त्यांनी विचारलं. मी चालायला लागले. परत येताना पाठीमागे कुणीतरी बाबूला म्हणत होतं, अरे घाल वारा, विझल्या की.

त्या संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो. अण्णा उत्साहात होते.

"रविवारी निपाणीला जाऊ. अप्पाला एक डबा देऊन टाकतो."

"चार आठवडे पूर्ण होऊ द्यात की," मी म्हणाले.

"डॉक्टरांनी वर्ष सांगितलंय. त्यातले पाच महिने गेले."

"अण्णा, ती माणसं..."

"काय?"

त्यांनी घास हातात तसाच धरला होता. काकवीने त्यांच्या बोटांची टोकं तपकिरी झाली होती. तीन वर्षं ती तशीच होती, लिंबाने घासूनही निघत नसत. अप्पांची बोटं विडीने तशी झालेली होती. दोघांचे हात शेजारी ठेवले तर कुणाचे कुठले ते ओळखता आलं नसतं.

"काही नाही," मी म्हणाले. "तक्ते संपत आलेत."

रविवारी आम्ही दहाच्या सुमाराला वखारीत पोहोचलो. आत शिरलं की तंबाखूचा खाट नाकात जायचा आणि पाहुणा आधी शिंकायचा. अप्पा एका पोत्यावर बसून पानांची जुडी सोडत होते. खूप वाळले होते. सदऱ्याच्या वरच्या खिशात काड्यापेटीचा चौकोन दिसत होता.

"या, शास्त्रज्ञ," अप्पा म्हणाले. "आणि ही आमची मास्तरीण. निकाल कधी गं?"

"जूनमध्ये, अप्पा."

अण्णांनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला. अप्पांनी झाकण उघडलं. सिगारेटींच्या शेजारी एका पुडीत सुटा मालही होता. त्यांनी चिमूट घेतली, अंगठ्याखाली चोळली, हुंगली आणि एक धागा दाताखाली धरला.

"पान कुठलं?"

"पान नाही. ऊस."

"उसाचं काय?"

"चिपाड."

अप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. "एवढं शिकवलं ते गुऱ्हाळ घालायला होय रे?"

अण्णा हसले नाहीत. ते फरशीकडे बघत होते. "अप्पा," ते म्हणाले, "एक ओढून बघा."

वखारीच्या दुसऱ्या टोकाला बायका पानं निवडत होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. अप्पांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

"काडी आहे का कुणाकडं?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या खिशातला चौकोन आम्हा दोघांनाही दिसत होता. अण्णांनी स्वतःच्या खिशातून नवी कोरी काड्यापेटी काढली. आणलीच होती. पहिली काडी मोडली, दुसरीही मोडली. तिसरी अप्पांनी त्यांच्या हातातून घेतली.

पहिला झुरका त्यांनी आत धरून ठेवला. डोळे मिटलेले. मानेची शीर वर आली होती. मग हळूहळू धूर सोडला आणि दुसरा झुरका घेतला. अण्णा घड्याळाकडे बघत होते. राख धरून राहिली, अण्णांनी म्हटल्याप्रमाणे. अप्पांनी ती शेवटपर्यंत ओढली, थोटूक इतकं आखूड झालं की बोटं बदलून धरावं लागलं, तरी ओढली. बोट भाजलं तेव्हा खाली ठेवली.

अण्णांनी तक्ता काढला. "दहापैकी किती?"

"दहा."

"अप्पा, खरं सांगा."

"दहा म्हटलं की. लिही."

अण्णांनी लिहिलं. "रोजच्या दहा, नाहीतर पंधरा पाठवतो. फक्त याच ओढायच्या. थोटकं मात्र डब्यात घालून परत पाठवा. मोजायला लागतात."

"पाठवीन."

मग अण्णा बसदीत भगवंतांच्या दर्शनाला गेले. मी फरशीवरचं थोटूक उचलून रुमालाच्या घडीत ठेवलं. नुसती सवय. त्याचं ओठाकडचं टोक चपटं झालं होतं आणि ओलं होतं. तीन आठवड्यांत मी हजारावर थोटकं मोजली होती, आणि एकाचंही टोक चपटं नव्हतं. सगळी गोल आणि कोरडी होती. हे मला त्या क्षणी दिसलं.

"काय गं," अप्पा म्हणाले, "कारखान्यातली माणसं खरंच ओढतात हे?"

मी रुमालाची घडी घट्ट केली. चाळीस वर्षं माल बघून माणूस ओळखलेला तो गृहस्थ होता.

"मग काय करतात?"

"वाळूत खोवतात. आणि जाळतात."

मी सगळं सांगितलं. बाबू कामते तक्त्यांनी वारा घालतो तेही. अप्पा हसायला लागले आणि हसता हसता खोकल्याची ढास लागली. पोत्याला धरून ते बराच वेळ वाकलेले राहिले. मी पाणी दिलं.

"हुशार आहेत," ते म्हणाले. "वाळू किती घेतात?"

मी तर्जनीच्या पेराखाली अंगठा ठेवून दाखवलं. "एवढी."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "त्याला सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगू."

"अप्पा, तुम्ही विडी सोडा ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू म्हणालीस होय. बरं झालं, कुणीतरी म्हणालं." खिशातून काड्यापेटी काढून ती बोटांत फिरवत राहिले. "तीन वर्षं खपून हे केलं त्यानं. त्यापेक्षा नुसतं सोड म्हणाला असता."

"सोडली असती?"

"न्हाय. पण म्हणाला असता तर बरं वाटलं असतं."

दर महिन्याला अण्णांचा डबा निपाणीला जात राहिला आणि थोटकांचा डबा परत येत राहिला. मी मोजत होते. निकाल लागला, मी एका शाळेत शिकवायला लागले, तरी रविवारी बसून मोजत होते. कागदावर वाळूचे कण पडत. तेवीस, तेवीस, तेवीस. अण्णा महिन्याच्या शेवटी सरासरी काढत आणि खाली 'समाधानकारक' लिहीत.

चौदा महिन्यांनी, पुढच्या वर्षीच्या जुलैत, अप्पा गेले.

पंधरा दिवसांनी अण्णा कामावर गेले. प्रयोगशाळेतल्या सगळ्या काचा त्यांनी धुतल्या. नंतर त्या घरी आणून पडवीच्या खिडक्यांना बसवून घेतल्या. व्यवस्थापनाला एका ओळीचं पत्र दिलं: हे द्रव्य सुरक्षित नाही असे माझे मत झाले आहे. सबब काम थांबवावे.

ते पत्र वाचून व्यवस्थापक देशिंगकर घरी आले.

"मगदूम, असं काय करताय? चाचणी तर उत्तम आहे. सगळ्यांचे नऊ, दहा."

"माझ्या भावाने चौदा महिने दुसरं काही ओढलं नाही," अण्णा म्हणाले. "विडीवर होता तेव्हा डॉक्टर म्हणत होते विडी सोडली तर जगेल. त्याने सोडली. माझं ओढलं."

"आजार आधीचाच होता."

"माझं ओढलं, देशिंगकर."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. ट्रेमध्ये तीन कप होते. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी ते बोलले असते तर भावाला मारल्याचं ओझं अण्णांवरून उतरलं असतं, आणि त्या जागी दुसरं चढलं असतं: की सात माणसांनी आणि मुलीने मिळून त्यांना फसवलं, आणि भाऊ त्यांच्यासाठी विडी सोडल्याचं नाटक करत विडीनेच गेला. दोन्हींतलं जड कुठलं ते मला ठरवता येईना. मी ट्रे ठेवला. देशिंगकरांनी साखर कमी घालायला सांगितली, मी दुसरा कप करून आणला.

त्यानंतर अण्णांनी अप्पांचं नाव जवळपास घेतलं नाही. सदतीस वर्षं. त्या काळात मी पुष्कळ वाचलं, शिकवलं, लग्न केलं, आईला पोहोचवून आले. ते वाक्य जिथे होतं तिथेच राहिलं. दर वर्षी ते बोलणं आणखी उशिराचं होत गेलं, एवढंच.

गेल्या फेब्रुवारीत अण्णा इस्पितळात होते. शहाऐंशी पूर्ण. दुपारची वेळ होती, नाकाला नळी, बाजूच्या यंत्रात पाणी बुडबुडत होतं. मी संत्रं सोलत होते.

"त्रिशला," ते म्हणाले, "अप्पाची थोटकं तूच मोजायचीस ना."

"हो."

"एकूण किती ओढल्या असतील त्याने?"

चार हजार नऊशे बारा थोटकं परत आली होती. तो आकडा मला पाठ आहे. मी संत्र्याची फोड ताटलीत ठेवली.

"एक," मी म्हणाले.

ते वाट बघत राहिले.

"तुमच्यासमोर ओढली तेवढीच. बाकीच्या वाळूत खोवून जाळल्या. कारखान्यातल्या लोकांनीही तसंच केलं. अप्पा शेवटपर्यंत विडीच ओढत होते. वाळूचं त्यांना मीच सांगितलं."

पाणी बुडबुडत होतं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची सून मोसंबीचा रस गाळत होती. मला वाटलं आता ते विचारतील, इतकी वर्षं का नाही बोललीस.

"लांबी किती यायची?" त्यांनी विचारलं.

"तेवीस."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताचं बोट चादरीवरून वरून खाली सरकत गेलं, वहीतल्या रकान्यावरून फिरवावं तसं.

"सात माणसं," ते म्हणाले. "सगळ्यांची सारखी कशी येईल. रोज बघत होतो मी."

मला वाटलं झोप लागली.

"आणि ती एक?"

"अकरा."

"मोजली होतीस?"

"घरी आल्यावर."

"वहीत नाही."

"नाही लिहिली."

"अकरा म्हणजे बोट भाजलं असेल त्याचं."

"भाजलं होतं."

त्यांनी तोंड किंचित उघडलं, मी फोड दिली. ती त्यांनी सावकाश खाल्ली.

"लिहून ठेव," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. माणसं येऊन गेली, भाऊबंद परत गेले. मग मी माळ्यावरून ट्रंक खाली काढली. वही होती. त्या रविवारच्या पानावर अण्णांच्या अक्षरात तारीख, गाव, नाव आणि गुण होते: भूपाल मगदूम, दहा. लांबीचा रकाना कोरा होता. मी पेनाला शाई येते का ते समासात बघितलं आणि त्या रकान्यात लिहिलं, अकरा.